नैतिक पेच शिकवायचेत? वर्गात बोर्ड गेम मांडा, त्याची ही पूर्ण पद्धत

प्रोफेशनल एथिक्स, बिझनेस एथिक्स, मानवी मूल्यं, तुमच्याकडे पेपरचं नाव काहीही असो, हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतोच, की वर्गात प्रश्न विचारला तर सगळे बरोबरच उत्तर देतात. लाच घ्यावी का, नाही. प्रदूषण लपवावं का, नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेला ट्रॉलीचा प्रश्न फळ्यावर काढला तर जरा जिवंतपणा येतो, पाच जणांना वाचवायला एकाला मारायचं का यावर दोन गट पडतात, हुशार पोरं हिरिरीने बोलतात, पण तास संपला की विषय संपतो कारण बोलण्यात कोणाचं काहीच गेलेलं नसतं. बोर्ड गेममध्ये पोरं आधी काहीतरी करून बसतात आणि मग त्याबद्दल बोलायची वेळ येते, आणि स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल बोलताना वर्गाचा सूरच बदलतो. मी कॉलेजात हे करत आलेय आणि आता या पेपरसाठी मला दुसरी पद्धत नकोच वाटते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कोणालाही पुढच्या आठवड्यात करून बघता यावं इतकं.

आधी गेम कसा निवडायचा ते

इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून थोडं थांबून सांगते. आपल्याकडे नैतिकता शिकवणारा पट जुनाच आहे, वारकरी परंपरेत ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट, ज्यात सद्गुणाच्या शिडीने वर जायचं आणि दुर्गुणाच्या सापाने खाली यायचं, आणि त्याच कुळातला खेळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात जाऊन मुलांची सापशिडी झाला. पट सुंदर आहे, पण त्यात खेळणारा काही ठरवत नाही, कवड्यांचं दान ठरवतं. म्हणजे अहंकाराच्या घरात तुम्ही पोचलात यात तुमचा निर्णय कुठेच नाही. पुण्य काय नि पाप काय याचा नकाशा म्हणून तो उत्तम, पण पेच शिकवायला उपयोगी नाही. आजकाल 'एथिक्स गेम' म्हणून जे कार्डांचे संच मिळतात त्यातही बरेचदा हेच असतं, बरोबर उत्तराला दहा गुण, चुकीला उणे पाच. पोरं दोन मिनिटांत ओळखतात की शिक्षकाला काय ऐकायचंय.

तर माझा नियम एकच आहे, ज्या गेममध्ये चांगलं वागणाऱ्याला हमखास जास्त गुण मिळतात तो गेम घ्यायचा नाही. स्वार्थी वागणं नियमात बसलं पाहिजे आणि त्यात खराखुरा फायदा दिसला पाहिजे, तरच एखादी मुलगी तो फायदा सोडते तेव्हा त्या सोडण्याला अर्थ असतो.

मग पेच कोणता शिकवायचाय ते ठरवा, एका सेशनला एकच. शब्द पाळणं आणि मोडणं हा विषय असेल तर 'द रेझिस्टन्स' हा लपलेले हेर ओळखायचा खेळ चांगला आहे, ५ ते १० जण, अर्ध्या तासात होतो, कोणी मधेच बाद होत नाही, आणि मूळ डबा नसला तरी साध्या पत्त्यांवर जमवता येतो. 'डिप्लोमसी' (१९५९ मध्ये बाजारात आला) या बाबतीत सगळ्यात कडक, दिलेला शब्द पाळायचं बंधनच नाही, पण सात खेळाडू लागतात आणि कित्येक तास जातात, वर्गात शक्य नाही, हौशी मुलांचा क्लब असेल तर त्यांना द्या. विषय जर 'नियमच अन्यायकारक असतील तर' असा असेल तर घरातला नवा व्यापार, म्हणजे मोनोपॉलीसारखा जागा विकत घ्यायचा पट काढा, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि सामायिक साधन, म्हणजे पाणी, गायरान, मासेमारी, हवा, हा विषय असेल तर गेम स्वतः बनवा, खर्च जवळपास शून्य आणि आपल्या पोरांना सगळ्यात जास्त भिडतो तो हाच. इम्पोर्टेड डबे महाग असतात आणि एका डब्यात चार-पाच जणच खेळतात, ६० च्या वर्गाला त्यांचा उपयोग नाही.

चिंचोक्यांचा पाण्याचा गेम, पूर्ण नियमासकट

ही कल्पना हवेतली नाही. आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये संशोधक आणि स्वयंसेवी संस्थांनी शेतकऱ्यांबरोबर भूजलाचे असे खेळ खेळलेत, कमी पाण्याचं पीक लावायचं की जास्त पाण्याचं हे प्रत्येकाने ठरवायचं आणि जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं मिळून एकच. खाली दिलेले आकडे मात्र मी वर्गाच्या वेळेत बसतील असे बांधलेत, बदलणार असाल तर आधी कागदावर हिशोब करून बघा कारण एखादा आकडा हलला की पेचच नाहीसा होतो.

एका टेबलावर सहा जण, पाच शेतकरी आणि एक नोंद ठेवणारा. मधे एक वाडगा, त्यात ४० चिंचोके, हे गावाखालचं पाणी. प्रत्येक शेतकऱ्याकडे दोन चिठ्ठ्या, 'ऊस' आणि 'ज्वारी'. दरवर्षी सगळ्यांनी एक चिठ्ठी पालथी टाकायची. नोंद ठेवणारा त्या गोळा करून पिसतो आणि मग उघडतो म्हणजे कोणी काय लावलं ते कळत नाही, फक्त किती ऊस किती ज्वारी एवढंच कळतं. ऊस ३ चिंचोके पाणी घेतो आणि ५ गुण देतो, ज्वारी १ चिंचोका घेते आणि २ गुण देते. गुण ज्याने त्याने आपल्या कागदावर लिहायचे (चिठ्ठीमागे बारीक खूण करून ठेवली की ती परतही मिळते). मग पाऊस, फासा टाकायचा, १ किंवा २ पडला तर दुष्काळ, वाडग्यात ४ चिंचोके परत टाकायचे, ३ ते ६ पडला तर ८. वाडगा ४० च्या वर भरत नाही, जास्तीचं पाणी वाहून गेलं. ज्या वर्षी सगळ्यांची मिळून मागणी वाडग्यातल्या पाण्यापेक्षा जास्त होईल त्या वर्षी कोणालाच काही मिळत नाही आणि त्या टेबलाचा गेम तिथेच संपतो, आधीचे गुण राहतात.

गेम ८ वर्षांचा, पण हे पोरांना सांगायचं नाही. सांगितलंत तर शेवटच्या वर्षी सगळे ऊस लावून मोकळे होतील.

आता यातली खुबी बघा. पाचही जणांनी ऊसच लावला तर वर्षाला १५ पाणी जातं आणि पाऊस कितीही चांगला पडला तरी पाचव्या वर्षी वाडगा पुरत नाही, कधीकधी चौथ्यालाच संपतो, म्हणजे प्रत्येकाला १५ किंवा २० गुण. पाचही जणांनी आठही वर्षं ज्वारी लावली तर पाणी भरपूर शिल्लक पण गुण प्रत्येकी फक्त १६, म्हणजे सगळे साधू झाले तर बरेचदा हावरटांपेक्षाही कमी! दरवर्षी आळीपाळीने दोघांनी ऊस आणि तिघांनी ज्वारी असं जमवलं तर टेबलाचे मिळून १२८ होतात, सरासरी २५ च्या वर, आणि अगदीच ओळीने दुष्काळ पडले नाहीत तर पाणीही पुरतं. आणि चौघांनी ज्वारी लावली नि एकट्याने गुपचूप आठही वर्षं ऊस लावला तर त्याला ४० आणि बाकीच्यांना १६, शिवाय गाव बुडतही नाही, कोणाला पत्ता लागला तरच लागला. म्हणजे सगळ्यात जास्त गुण मिळवायचा रस्ता शेजाऱ्यांच्या सज्जनपणावर जगण्याचाच आहे. हा पेच आकड्यातच बसवलेला आहे, तुम्हाला एक शब्द बोलावा लागत नाही.

सामान म्हणाल तर ६० च्या वर्गाला दहा टेबलं, ४०० चिंचोके, १०० चिठ्ठ्या, दहा फासे. चिंचोके नाही मिळाले तर हरभरे किंवा राजमा चालेल. नोंदीचा तक्ता आधीच झेरॉक्स करून ठेवा, त्यात वर्ष, उसाच्या चिठ्ठ्या, ज्वारीच्या चिठ्ठ्या, फासा, उरलेलं पाणी एवढे पाच रकाने पुरतात, हा तक्ता नंतरच्या चर्चेत सोन्यासारखा उपयोगी पडतो म्हणून नोंद ठेवणाऱ्याला हे काम महत्त्वाचं आहे असं नीट सांगा, नाहीतर ते पोरगं मोबाईल काढून बसतं.

खेळवायचा कसा

दोन तासांचा प्रॅक्टिकलचा स्लॉट मागून घ्या. नियम सांगायला १० मिनिटं, आणि सांगताना 'सहकार्य', 'स्वार्थ', 'पर्यावरण' असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत, ध्येय एवढंच सांगायचं की स्वतःचे गुण जास्तीत जास्त करा.

पहिला गेम पूर्ण शांततेत, बोलायचं नाही, खुणा नाहीत. साधारण १५ मिनिटं लागतात. काही टेबलं लवकर कोरडी पडतील, त्यांना तसंच बसू द्या आणि बाजूचं टेबल बघू द्या.

दुसरा गेम नवीन ४० चिंचोक्यांवर, यावेळी प्रत्येक वर्षाआधी एक मिनिट बोलायला मुभा, काय वाट्टेल ते ठरवा पण चिठ्ठ्या पालथ्याच राहतील. इथे वर्गात गोंगाट सुरू होतो आणि तो होऊ द्यायचा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांमध्ये हेच दाखवलं होतं की नुसतं समोरासमोर बोलू दिलं, शिक्षेची काही सोय नसली, तरी लोक सामायिक साधन जास्त सांभाळून वापरतात. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये जी गायरानाची शोकांतिका मांडली, की सामायिक गोष्ट शेवटी ओरबाडलीच जाणार, तिला ऑस्ट्रॉम यांचं काम हे मोठं उत्तर आहे. पण हे सगळं गेम झाल्यावर सांगायचं, आधी नाही.

वेळ असेल तर तिसरा गेम, आणि माझ्या मते खरा धडा याच्यात आहे. प्रत्येक टेबलावर पाच बंद पाकिटं वाटा, चार कोरी, एकात लिहिलेलं, 'चौथ्या वर्षाच्या शेवटी १२ गुण झाले नाहीत तर तुझी जमीन कर्जात गेली, तू गेमबाहेर'. चार वर्षं ज्वारी लावली तर ८ होतात, एकदा ऊस लावला तर ११, म्हणजे त्याला किमान दोनदा ऊस लावावाच लागतो. त्याने हे बाकीच्यांना सांगावं की नाही त्याच्यावर, पाकीट दाखवायचं मात्र नाही, त्यामुळे कोरं पाकीट मिळालेलाही 'मला कर्ज आहे' म्हणू शकतो. दुसऱ्या गेमपर्यंत पोरांनी ऊस लावणारा म्हणजे हावरट असा हिशोब पक्का केलेला असतो, तो इथे मोडतो. गरज आणि हाव बाहेरून सारखीच दिसते, मग विश्वास कोणावर ठेवायचा आणि खोटं बोलणाऱ्या एकामुळे खऱ्या गरजूला नाकारायचं का, हे प्रश्न पोरं आपणहून विचारायला लागतात.

खेळानंतरची चर्चा, हिला भरपूर वेळ ठेवा

हे मी ठासून सांगते. चर्चेला वेळ उरत नसेल तर तिसरा गेम सोडा, दुसराही सोडा पण चर्चा कापू नका, कारण खेळून झाल्यावर पोरांकडे नुसता राग, मजा आणि ओशाळलेपणा असतो, त्याचं शिक्षण चर्चेत होतं. दोन तासांतला पाऊण तास तरी हिच्यासाठी.

चिंचोके आधी गोळा करून घ्या, हाताशी राहिले की खेळत बसतात. मग गोल बसवा आणि पहिल्यांदा फक्त काय झालं ते विचारा, प्रत्येक टेबलाच्या तक्त्यातून उसाचे आकडे फळ्यावर लिहा, कोणत्या वर्षी वाढले, कोणत्या वर्षी पडले. त्यानंतर कसं वाटलं. मगच का. हा क्रम उलटा केला, म्हणजे सुरुवातीलाच 'तू असं का केलंस' विचारलं, तर पोरगं बचावात जातं आणि पुढचा सगळा वेळ वकिली ऐकावी लागते. बोलताना नावं नकोत, 'चार नंबर टेबलावरचे शेतकरी' असं म्हणा, सांगायचं असेल तो स्वतःहून सांगतो आणि बरेचदा सांगतोच.

कामाला येणारे प्रश्न असे, दुसऱ्यांनी ऊस लावला असेल असा संशय तुला पहिल्यांदा कधी आला आणि त्यानंतर तू काय बदललंस? तुमच्या टेबलावर ठरलेलं कोणी मोडलं का, आणि मोडणारा कोण हे न कळता बाकीचे कसे वागले? सगळ्यांनी ज्वारी लावणं आणि दोघांनी आळीपाळीने ऊस लावणं यात जास्त न्याय्य काय, आणि उसाचा पहिला नंबर कोणाचा हे कसं ठरवलंत? चौघांच्या ज्वारीवर ४० गुण कमावणाऱ्याने कोणाचं नुकसान केलं का, गाव तर बुडालं नाही? शेवटच्या प्रश्नावर वर्ग हमखास दुभंगतो, एक बाजू परिणाम बघते आणि दुसरी म्हणते सगळ्यांनी असंच केलं तर काय, आणि नेमकं तेव्हा फळ्यावर मिल आणि कांट ही या दोन बाजू अनुक्रमे मांडणाऱ्या तत्त्वज्ञांची नावं लिहायची. पोरांनी दोन्ही भूमिका स्वतः मांडलेल्या असतात, आता फक्त त्यांचे वकील कोण ते सांगायचं.

आणि एक वाक्य येणार म्हणजे येणारच, 'मॅडम, गेमच तर होता.' हे वाक्य उडवून लावू नका, सगळ्या सेशनमधलं सगळ्यात मौल्यवान वाक्य हेच आहे. त्याला शांतपणे विचारा की नियमात बसत होतं, जिंकायचं होतं, म्हणून केलं, बरोबर? मग टार्गेट होतं म्हणून केलं, वरून ऑर्डर होती म्हणून केलं, सगळेच करतात म्हणून केलं, यात आणि याच्यात फरक नेमका कुठे आहे ते मला शोधून दे. फरक आहे, खरंच आहे, गेममध्ये सगळ्यांनी ते नियम मान्य करून बसायचं ठरवलेलं असतं, पण तो त्यांना शोधू द्या. इथे मी ब्रेंडा रोमेरो या गेम डिझायनरच्या २००९ च्या 'ट्रेन' या गेमबद्दल सांगते. तो विकत मिळत नाही, प्रदर्शनात मांडला जातो. खेळाडू पिवळ्या बाहुल्या मालगाडीच्या डब्यात भरतात आणि गाडी लवकर पोचवायची धडपड करतात, आणि शेवटी स्टेशनचं नाव उघडतं ते ऑशविट्झसारख्या नाझी छळछावणीचं. नियम मुद्दाम अर्धवट सोडलेत, गाडी पोचवलीच पाहिजे असं कुठे सक्तीचं नाही, तरी माणसं भरत जातात. हे सांगून झालं की वर्गाला एक मिनिट गप्प बसू द्यायचं, लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही.

शेवटी खऱ्या गावाकडे या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची हे गावात बसून ठरवायची पद्धत घातली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. पोरांना विचारा, तुमच्या टेबलावर जमलं नाही ते या गावाला कशामुळे जमलं असेल, चिठ्ठी पालथी नव्हती म्हणून? एकमेकांना ओळखत होते म्हणून? पुढच्या वर्षीही त्याच लोकांबरोबर राहायचं होतं म्हणून? ग्रामीण भागातली पोरं इथे असं बोलतात की शहरातल्यांना वर्षभरात ऐकायला मिळालं नसेल.

नवा व्यापार

हा थोडक्यात. ज्या मोनोपॉलीवरून असे व्यापाराचे खेळ आले त्याच्या मुळाशी लिझी मॅगी या अमेरिकन बाईंचा 'लँडलॉर्ड्स गेम' आहे, १९०४ चं पेटंट, आणि जमीनमालकी काही थोड्या लोकांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं हे दाखवायलाच त्यांनी तो केला होता. पुढे त्यांनी दोन प्रकारचे नियम दिले, एकात मक्तेदार होऊन बाकीच्यांना चिरडायचं, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांनाच वाटा. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने त्यांचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं आणि लोकप्रिय झाला तो चिरडायचाच खेळ.

वर्गात असं करा, चिठ्ठी काढून एकाला दुप्पट पैसे, एकाला निम्मे, बाकीच्यांना नेहमीचे. २० मिनिटं खेळा. मग थांबवून सांगा की आता एक नियम बदलता येईल पण ज्याच्याकडे जेवढे पैसे तेवढी त्याची मतं. परत १५ मिनिटं. चर्चेत पहिला प्रश्न पुढे असलेल्याला विचारा, तू का पुढे आहेस? चिठ्ठीने मिळालेले पैसे विसरून तो आपली हुशारी सांगायला लागतो का ते बघा, आणि तो सांगायला लागला तर वर्गालाच बोलू द्या.

काही गोष्टी पाळायच्याच

जात, धर्म, खरी गरिबी यांच्या भूमिका पोरांना वाटू नका. वर्गात कर्जात शेती गेलेल्या घरातली मुलं असतात, तुम्हाला माहीत नसलं तरी असतात, म्हणून कर्जाच्या पाकिटाच्या गेमआधी स्पष्ट सांगा की हा भाग काहींना जड जाईल, कोणालाही कारण न देता नोंद ठेवणारा होता येईल. आत्महत्येचा उल्लेख पाकिटात कधीही नको. गेमच्या निकालावर इंटर्नलचे मार्क अजिबात देऊ नका, दिलेत तर पोरं तुम्हाला खूश करायला ज्वारी लावतील आणि सगळंच फुकट गेलं. आणि टेबलावर ठरलेलं मोडणारा मुलगा बाहेर कॉरिडॉरमध्ये 'गद्दार' म्हणून ओळखला जाऊ नये ही जबाबदारी तुमची आहे, सेशन संपवायच्या आधी मोठ्याने सांगा की ती भूमिका नियमांनीच तयार केली होती आणि पहिल्या गेममध्ये ऊस लावलेल्यांनी हात वर करा म्हणा, भरपूर हात वर जातात आणि ताण उतरतो.

मार्क द्यायचेच असतील तर आठवड्याने एक ३०० शब्दांचं टिपण मागा, गेममधला तुमचा एक निर्णय, तेव्हा दुसरा कोणता पर्याय होता, आणि तुमच्या निर्णयाची किंमत कोणी मोजली. 'मला सहकार्याचं महत्त्व समजलं' एवढंच लिहिलं असेल तर कमी मार्क, 'तिसऱ्या वर्षी मला वाटलं की समोरचा खोटं बोलतोय म्हणून मी आधीच मोडलं, तो खरं बोलत होता' असं लिहिलं असेल तर पूर्ण मार्क, भले त्याने गेममध्ये काहीही केलेलं असो.

आणि दोन तास मिळतच नसतील, एचओडी (विभागप्रमुख) ऐकत नसतील, फक्त ५० मिनिटांचं लेक्चर असेल, तरी होतं. नियमांचा कागद आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, वर्गात आल्याआल्या बोलण्याची मुभा असलेला गेमच खेळवा, सहा वर्षांवर थांबवा, २० मिनिटांत उरका आणि उरलेला सगळा वेळ फळ्यावर उसाचे आकडे लिहून चर्चा घ्या.